पाहुणा किती वर्षं पाहुणा राहतो

लग्न ठरलं की आमच्याकडची माणसं बस्ता बांधायला गांधीनगरला जातात. बेळगावात दुकानं नाहीत असं नाही, खडेबाजार आहे, गणपत गल्ली आहे, आमच्या वडगाव-शहापुरात तर घरोघरी माग होते आणि काही अजून खडखडतात, तरी पण दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं गाडी करून निपाणी-कागल मागं टाकत कोल्हापूरच्या उचगावला वळतात (आपलं मळेकरणीचं उचगाव नव्हे, हायवेवरचं) आणि दिवसभर साड्या, आहेर, टॉवेल-टोपी असलं सगळं घेऊन रात्री भुकेजून परत येतात. दुकानदार बहुतेक सिंधी. कोल्हापुरी अशी बोलतात की आपण गप्प बसावं. आणि ते सगळं मार्केट ज्या जमिनीवर उभं आहे तिथं एकेकाळी निर्वासितांचा कॅम्प होता, तोही एकदा नाही, दोनदा, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

पहिल्यांदा आले पोलंडचे लोक. १९४० च्या सुमारास रशियानं पूर्व पोलंडमधनं लाखो माणसं उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली, मग जर्मनीनं रशियावरच हल्ला केल्यावर १९४१ मध्ये त्यांना सोडलं, आणि ती माणसं इराण गाठून तिथनं जिथं कोण घेईल तिथं पांगली. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांनी पोलिश पोरक्या मुलांना ठेवून घेतलं ती गोष्ट आता बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. पण सगळ्यात मोठा कॅम्प आपल्या शेजारी होता, वळिवड्याला, १९४३ ते १९४८, जवळपास पाच हजार माणसं, त्यात बायका आणि पोरंच जास्त, कारण पुरुष एकतर लढाईवर नाहीतर मेलेले. लंडनमध्ये त्यांचं परागंदा सरकार होतं, ते खर्च करायचं. बराकी, चर्च, दवाखाना, शाळा, स्काउटची पथकं, नाटकं, सगळं होतं. २०१७ साली वॉर्सोमध्ये कोल्हापूरच्या नावानं स्मारक उभं राहिलं, २०२४ मध्ये पंतप्रधान पोलंडला गेले तेव्हा तिथं जाऊन आले, तेव्हा इथल्या पेपरांत दोन दिवस वळिवडे-वळिवडे चाललं होतं.

मला त्यातलं आवडतं ते काय सांगू, त्या पोरांना तिथं शाळा होती आणि शाळेनंतर हुंदडायला जागा होती. नाटक, स्काउटचं शिबिर, माळावर भटकणं. सायबेरियात उपाशी मेलेली भावंडं बघून आलेल्या पोरांना कुणीतरी गृहपाठ दिला. ही साधी गोष्ट आहे आणि मला वाटतं तिथंच निम्मं काम झालं. बाकी स्मारकं वगैरे नंतरची.

पण एक आहे, ते जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांना, महाराजांच्या दरबाराला, भाजी विकायला येणाऱ्या वळिवड्याच्या बायकांना. जाणाऱ्या माणसाला जीव लावणं सोपं असतं. त्याच्याशी जमिनीवरनं, नोकरीवरनं, पोरीच्या लग्नावरनं कधी वाद व्हायचा नसतो. पाच वर्षांनी ते गेले, कोण इंग्लंडला कोण ऑस्ट्रेलियाला, आणि त्यांच्या जागी फाळणीनंतरचे सिंधी आले. ते मात्र राहायला आले होते. त्यांच्याकडं कागदाचा प्रश्न नव्हता, ते भारताचेच नागरिक झाले, पण घर गेलं, गाव गेलं, भाषा बोलायला शेजारी उरला नाही, हे सगळं होतंच. सुरवातीला त्यांना ‘पाहुणे’ असं कोणी म्हटलं असेल असं मला वाटत नाही. धंद्यात उतरले, भाव पाडले, शिव्या खाल्ल्या, उधारी दिली, उधारी बुडाली, आणि आज आमच्या घरात मंगळसूत्र सोडलं तर लग्नाचं अर्ध सामान त्यांच्या दुकानातलं असतं. भांडायला लागलात म्हणजे शेजारी झालात, असं माझं साधं मत आहे.

आता तिसरे. हे आमच्या राज्यातले आणि आमच्या रस्त्यावरचे.

धारवाड-हुबळी करत किंवा खानापूर-हल्याळच्या जंगलातनं गेलं की मुंडगोड लागतं, उत्तर कन्नड म्हणजे आपल्या कारवार जिल्ह्यात. तिथं १९६६ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. १९५९ ला दलाई लामा भारतात आले, मागोमाग हजारो माणसं आली, सुरवातीला हिमालयात रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मग नेहरूंनी राज्यांना जमिनी द्यायला सांगितलं आणि म्हैसूर राज्यानं, म्हणजे आजच्या कर्नाटकानं, सगळ्यात जास्त मनावर घेतलं. आधी म्हैसूरजवळ बायलकुप्पे, मग मुंडगोड. मुंडगोडच्या वेळी निजलिंगप्पा मुख्यमंत्री होते. हजारो एकर जंगल दिलं, ते तोडून त्यांनी मका-भाताची शेती केली, कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर दोन असं करत गावं वसवली, गांदेन आणि ड्रेपुंग हे त्यांचे दोन मोठे मठ ल्हासाकडं होते ते इथं परत उभे केले. आसपासच्या तांड्या-वाड्यांवर आपले गवळी धनगर आहेत, ते घरात मराठीच बोलतात, आणि सिद्दी आहेत, आणि कन्नड शेतकरी आहेत. मठांच्या बांधकामावर, शेतीच्या मजुरीवर, रिक्षांवर यातले कित्येक जण जगतात. म्हणजे साठ वर्षात फारसा दंगाधोपा न होता दोन्हीकडची चूल पेटती राहिली, ही लहान गोष्ट नाही, आजकालच्या दिवसात तर अजिबात नाही.

तरी पण. तिथली पोरं आणि आपली पोरं एका बाकावर बसली नाहीत. त्यांची शाळा वेगळी, त्यांची सोसायटी वेगळी, दवाखाना, वृद्धाश्रम, मैदान, सगळं वेगळं. ते मुद्दाम तसं केलं होतं आणि त्यात शहाणपण होतं, आपली भाषा आणि धर्म जपायचा तर एकत्र राहायला पाहिजे असं दलाई लामांचं म्हणणं होतं आणि सरकारलाही ते सोयीचं होतं. पण त्याचा दुसरा परिणाम असा की तिसऱ्या-चौथ्या पिढीचा पोरगा, जो हुबळीच्या दवाखान्यात जन्मला, ज्यानं तिबेट कधी बघितलं नाही, ज्याला चुरमुऱ्याचं गिरमिट आणि मिरची भजी सोडून संध्याकाळ जात नाही, तो शिकायला किंवा कामाला पंचक्रोशीच्या बाहेर पडला की पहिल्यांदा त्याला कळतं की तो ‘बाहेरचा’ आहे.

बेळगावात आम्ही त्यांच्या आईबापांना चांगलं ओळखतो. हिवाळ्यात स्वेटरचे स्टॉल लागतात ना, ते. लुधियानाच्या होलसेलवाल्यांकडनं उधारीवर माल उचलायचा, ऑक्टोबर ते जानेवारी गावोगाव विकायचा, पैसे फेडायचे आणि लोसारला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, घरी जायचं. आमच्या बायका त्यांच्याशी एवढी घासाघीस करतात की ती बाई शेवटी हसतच सुटते. वर्षानुवर्षं तीच बाई, तोच कोपरा. त्या चार महिन्यात तिची पोरं हॉस्टेलला असतात, मोठी होतात, दहावी-बारावी होतात, हे गिऱ्हाईकाच्या लक्षात यायचं काही कारण नाही, पण त्यातलं एक पोरगं माझ्याकडं कामाला आलं म्हणून हे सगळं लिहितोय.

माझं उद्यमबागेत छोटंसं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) आणि जुनी लेथ, फौंड्रीतनं कास्टिंग येतात त्याचं जॉब वर्क. बेळगावला हायड्रॉलिक आणि कास्टिंगचं काम पहिल्यापासनं जोरात, त्यामुळं हाताखाली माणूस कायम पाहिजे असतं. हा पोरगा इथं डिप्लोमा करतोय आणि दुपारनंतर काम बघतोय असं कॉलेजच्या एका सरांनी सांगितलं. मी म्हटलं पाठवा. पहिल्याच आठवड्यात माझ्या मित्रांनी, सगळे चांगले, मनानं मोठे लोक, मला काय सल्ला द्यावा? ‘अरे त्याला मोमोचा गाडा टाकून दे की गा, काय चालेल माहितीय काय?’ मला याचा राग येतो. मोमो वाईट नाहीत, मी खातो. पण त्या समाजातल्या पोरासाठी आपल्या डोक्यात दोनच दुकानं आहेत, स्वेटर आणि मोमो. त्याला माप घ्यायचं व्हर्निअर धरायला आवडतं, प्रोग्रॅम बसवायला आवडतं, त्याच्या हातनं पहिल्या महिन्यात तीन पीस रिजेक्ट गेले आणि मी त्याला इतरांना घालतो तशाच शिव्या घातल्या, आणि मला वाटतं त्या दिवशी तो जरा सैल झाला. त्याच्या आधी सगळे त्याच्याशी एवढं गोड बोलत होते की बिचारा आवघडून जायचा.

निर्वासित पोरांना आधार द्यायचा म्हणजे काय करायचं असा विषय निघाला की आपल्याकडं लगेच कार्यक्रम ठरतो. शाल, श्रीफळ, एक भाषण, ‘तुमच्या संस्कृतीबद्दल दोन शब्द सांगा’. पंधरा ऑगस्टला एका शाळेनं त्याला बोलावलं होतं, तिबेटच्या स्वातंत्र्यावर बोल म्हणून. वीस वर्षाचं पोर, ते काय बोलणार, आजोबांकडनं ऐकलेलं सांगितलं, टाळ्या पडल्या, फोटो झाला. येताना मला म्हणतो, दादा, मला कोणीतरी मशीनबद्दल विचारावं. त्यानंतर मी एक ठरवून टाकलंय, ज्याची गोष्ट आहे त्याला ती सांगावीशी वाटली तर सांगेल, आपण आल्या-आल्या जखम उघडायला लावायची नाही. कोण कुठनं कसं पळालं, घरात कोण मेलं, हे चहाच्या टपरीवर विचारायचे प्रश्न नव्हेत.

खोलीची गोष्ट तर वेगळीच. वडगावात खोली बघायला आम्ही गेलो तेव्हा पहिला प्रश्न ‘काय शिजवणार?’ दुसरा ‘चायनाचे काय?’ तिसरा पोलीस. परदेशी माणूस घरात ठेवला तर घरमालकानं त्याची माहिती सरकारी फॉर्ममध्ये भरायची असते, ते ऑनलाइन होतं, अर्ध्या तासाचं काम, पण पोलीस हा शब्द ऐकला की आपला माणूस गेट लावून घेतो. शेवटी आमच्या शेजारच्या काकूंनी वरची खोली दिली. काकू म्हणजे वारकरी, माळकरी, घरात कांदा-लसूणसुद्धा एकादशीला चालत नाही. त्यांनी अटी सरळ सांगितल्या, वशाट वर शिजवायचं नाही, बाहेर काय खातोस ते मी बघायला येत नाही, रात्री गेट अकराला बंद, डिपॉझिट दोन महिन्याचं. मला ही पद्धत फार बरी वाटली. लाडीगोडी नाही, संशय नाही, हिशोब. कागदाचं काम काकूंच्या नातवानं केलं. गावात असा एक नातू प्रत्येक गल्लीत असतो, जो फॉर्म भरून देतो, बँकेत कोण ओळखीचं ते सांगतो, सिमकार्डच्या दुकानात सोबत जातो. समाजानं काय करावं असं मोठ्यानं विचारतात त्याचं निम्मं उत्तर या नातवात आहे.

कारण कागद हेच त्यांचं खरं दुखणं. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही, आणि निर्वासितांना हक्क देणारा वेगळा असा कायदा आपल्याकडं नाही. त्यामुळं कोण आला आणि कुठनं आला यावर सगळं ठरतं. तिबेटी लोकांना आरसी मिळते, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, ती ठराविक मुदतीनं नवी करून घ्यायची, परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळ्या रंगाचं ओळखपत्र. श्रीलंकेच्या तमिळांचे तमिळनाडूत कॅम्प आहेत. अफगाण, म्यानमारचे बरेच लोक संयुक्त राष्ट्रांचं कार्ड घेऊन दिल्लीत वगैरे राहतात आणि रोहिंग्यांचं तर त्या कार्डावरही कोणी ऐकून घेत नाही. तिबेटी त्यातल्या त्यात नशीबवान, असं ते स्वतःच म्हणतात.

नागरिकत्वाचं अजून गमतीशीर आहे. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो जन्मानंच नागरिक, आईबाप कोणी का असेनात. २०१० मध्ये दिल्ली हायकोर्टानं एका तिबेटी मुलीच्या पासपोर्टच्या केसमध्ये हे मान्य केलं, २०१३ मध्ये आपल्या कर्नाटक हायकोर्टानंही. १९८७ नंतर जन्मलेल्याचं मग आई किंवा बाप नागरिक आहे काय यावर ठरतं आणि डिसेंबर २००४ नंतर नियम अजून आवळला. म्हणजे एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या माणसांची जन्मतारखेप्रमाणं वेगळी कथा. आणि त्यात अनेकांना नागरिकत्व घ्यायचंच नसतं, ते घेतलं म्हणजे परत जायचं सोडलं असं त्यांच्या म्हाताऱ्यांना वाटतं. यात आपण मत द्यायला जाऊ नये.

आमच्या गल्लीच्या टोकाला अभ्यासिका आहे, पोरं पीएसआय, केपीएससी, रेल्वे असलं काय काय करत बसलेली असतात. हाही रात्री तिथं जाऊन बसतो, घरी लाइट कमी म्हणून. एकदा कोणीतरी यूपीएससीची जाहिरात मोठ्यानं वाचून दाखवली, त्यात पात्रतेमध्ये ओळ आहे, १ जानेवारी १९६२ च्या आधी भारतात कायमचं राहायला आलेला तिबेटी निर्वासित काही पदांसाठी चालतो. आणि वयाची अट बत्तीस! १९६२ आधी आलेला माणूस आज साठीच्या पुढचा. सगळे एवढे हसले, तोही हसला, आणि मग एकजण म्हणाला, आम्हाला कन्नड पेपरचं टेन्शन, ह्याला फॉर्मच नाही. आमच्या पोरांनी पहिल्यांदा आपल्यापेक्षा कोणाचं तरी जास्त अडलंय असं कबूल केलं, हे मला त्या रात्री फार विशेष वाटलं.

आता हे मी सीमाभागातल्या माणसांबद्दल जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं पाडली आणि बेळगाव म्हैसूरकडं गेलं, तेव्हापासनं आपण काळा दिवस पाळतोय, २००४ पासनं सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे. घरात बसून, आपल्याच गावात, आपल्याच भाषेच्या पाटीसाठी भांडायचं म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको. सातबारा वाचता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायचं म्हणजे काय, तेही. त्यामुळं मला वाटायचं की परक्याचं दुःख आपल्याला लगेच कळेल. तसं आपोआप काही होत नाही. स्वतःचं गाऱ्हाणं मोठ्यानं सांगायची सवय लागली की दुसऱ्याचं ऐकायला कान मोकळे राहत नाहीत, आणि ‘आमचंच कोण बघत नाही, ह्यांचं काय घेऊन बसलास’ हे वाक्य मी सभेत, लग्नात, क्रिकेटच्या पायरीवर, सगळीकडं ऐकलेलं आहे. त्याला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. एवढंच म्हणतो, रांग एकच आहे असं का धरून चालायचं.

आणि मदतीचं वारं एकाच दिशेनं वाहतं असंही नाही. काकूंच्या जमिनीचं काहीतरी काम अडलं होतं, उताऱ्यावर नाव चुकलेलं. ऑफिसात सगळं कन्नड, काकूंना ‘बेकु’ आणि ‘बेड’ याच्या पुढं येत नाही, नातू इंग्रजी मीडियमचा, त्याला मराठीही धड येत नाही. तिथं हे पोरगं गेलं सोबत. मुंडगोडच्या बाजारात वाढलेलं, फर्डं कन्नड बोलतं, टेबलापलीकडच्या माणसाशी हुबळीच्या पावसापासनं सुरू करून अर्ध्या तासात अर्जावर शिक्का घेऊन आलं. तो क्लार्क विचारतो, ही तुझी कोण? हा म्हणाला, ओनरम्मा, म्हणजे घरमालकीण. काकू घरी येऊन सगळ्यांना सांगत होत्या आणि त्या महिन्यात भाडं मात्र पूर्ण घेतलं. बरोबरच आहे.

हे मी मुद्दाम सांगितलं, कारण निर्वासित पोरांसाठी काम करणारे लोक, शहरातले, चांगल्या मनाचे, ते कायम द्यायच्याच भूमिकेत असतात. पुस्तकं द्या, फी द्या, कपडे द्या. द्या की, फी तर नक्की द्या, त्याच्यावाचून शाळा सुटते. सहा ते चौदा वर्षाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे, २००९ च्या कायद्यात ‘नागरिक मूल’ असं लिहिलेलं नाही, हे हेडमास्तरांना कोणीतरी सोबत जाऊन सांगायला पाहिजे. पण अठरा-वीस वर्षाच्या पोराला नुसतं घेत राहायला लाज वाटते. त्याला काहीतरी काम सांगा, चावी द्या, हिशोब द्या, चुकला तर ओरडा. माझ्या वर्कशॉपमध्ये नवीन आलेल्या कडोलीच्या पोराला सेटिंग आता हा शिकवतो. त्या दोघांची भाषा म्हणजे मराठी, कन्नड, हिंदीचा असा काला आहे की मला अर्ध कळत नाही, पण पीस बरोबर येतो.

आणि एक, ते ‘चिंकी’, ‘चायनीज’ वगैरे. कोरोनात तर बघायला नको होतं, देशभर ईशान्येच्या पोरांना रस्त्यात अडवून काय काय बोलले लोक. आमच्याकडं टपरीवर कोणीतरी असंच ओरडलं, तेव्हा टपरीवाल्यानं तिथल्या तिथं ‘ए, चहा ठेव खाली आणि चल’ म्हणून त्याला काढला. व्याख्यान नाही, काही नाही. गिऱ्हाईक गेलं एक. असं जागच्या जागी बोलणारं एक माणूस असलं की त्या पोराला रोज त्या रस्त्यानं जाता येतं, नाहीतर तो लांबच्या गल्लीनं जातो आणि आपल्याला कळतही नाही.

तर आता सध्याचा तमाशा. पावसाळ्यात आमच्या भागात गल्लीवार फुटबॉल होतो, चिखलात, फार इरेसरीनं. तिबेटी पोरं फुटबॉलची वेडी, मुंडगोडला कॅम्पा-कॅम्पाच्या टीमा असतात. ह्याला घ्यायचं असं आमच्या कॅप्टननं ठरवलं. पण नियम नंबर चार, खेळाडू गल्लीचा रहिवासी पाहिजे, आधारवर पत्ता दाखवायचा. आधार ह्याच्याकडं आहे, ते नागरिकत्वावर नाही, राहण्यावर मिळतं, पण पत्ता मुंडगोडचा. खालच्या गल्लीवाल्यांनी हरकत घेतली, बाहेरचा खेळाडू. आमच्या गल्लीनं लगेच काढलं की तुमचा सेंटर फॉरवर्ड चंदगडचा आहे, तो तर महाराष्ट्राचा, परराज्यातला! त्यावर ते म्हणाले, तो भाचा आहे, भाचे चालतात, दरवर्षी चालतात. खरंच चालतात. आपल्याकडं भाच्याला कुठली सीमा आडवी येत नाही, निम्म्या बेळगावच्या सोयरिकी चंदगड-गडहिंग्लज-आजऱ्याला आहेत.

मीटिंग रात्री बारापर्यंत चालली. एकजण म्हणाला पाहुणी टीम म्हणून मुंडगोडच्या पोरांना बोलवू, सत्कार करू, प्रदर्शनी सामना ठेवू. त्याला मी कडाडून विरोध केला, परत पाहुणे, परत शाल. दुसऱ्यानं सुचवलं, सहा महिने भाड्यानं राहिला असेल तर रहिवासी धरावा, भाडेपावती दाखवावी. काकू पावती देत नाहीत. तिसरा म्हणाला, मग काकूंचा भाचा म्हणून घाला की गा, कोण विचारणार आहे. सेक्रेटरी म्हणाले, तोंडाकडं बघूनच विचारतील. मग सगळे हसले, चहा आला, परत पहिल्यापासनं सुरू. काकूंना बोलावून विचारलं तर त्या दारातनंच म्हणाल्या, भाचा म्हणा नाहीतर काही म्हणा, चिखलाचे बूट घेऊन जिना चढू देणार नाही.

शेवटी नियम नंबर चारमध्ये ‘गल्लीत राहणारा किंवा गल्लीतल्या माणसाकडं कामाला असणारा’ अशी दुरुस्ती करायचं ठरलं, पाच विरुद्ध चार. खालची गल्ली अजून मान्य करत नाही, पुढच्या रविवारी परत बसायचंय. सकाळी वर्कशॉपला आल्या-आल्या मी त्याला सगळं सांगितलं, कोण काय म्हणालं, मी कसा भांडलो. त्यानं मशीनचं दार उघडून धातूच्या चिप्स झाडल्या, ऐकून घेतलं आणि म्हणाला, दादा, त्या आठवड्यात माझी परीक्षा आहे. आणि मी डिफेन्सला खेळतो, फॉरवर्डला नाही, तुम्ही कोणी विचारलंच नाही.